मांजरपाटचा वाडगा

मी एक जुना अॅल्युमिनियमचा वाडगा आहे. एका शिंप्याच्या दुकानात, खिडकीच्या कट्ट्यावर माझा मुक्काम असतो. या घडीला मी पालथा आहे. वाडग्याने पालथे असावे ते घासून निथळत ठेवल्यावर. मला आज कोणी घासलेले नाही, विसळलेलेही नाही. मग मला पालथे का घातले? मित्रांनो, तेच सांगायला बसलो आहे. सांगताना आवाज चढला तर समजून घ्या, कारण पोटात राग आहे आणि वाडग्याला पोटाखेरीज दुसरे असतेच काय?

माझा जन्म एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. सपाट पत्र्याला यंत्राने एकदाच जोरात दाबले आणि मी खोलगट झालो. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझी कड वळवली, बोट फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हा कुणाच्या ओठाला लागणार नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे शिंप्याच्या बायकोने मला पीठ मोजायला घरी आणले. दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. पाच वर्षे मी पिठात लोळलो. एकदा फळीवरून पडलो, माझ्या बाजूला पोचा आला आणि माप चुकू लागले. मग मी कपाटामागे गेलो, तो कुत्र्याचे पिल्लू येईपर्यंत.

पिल्लाचा रंग कोऱ्या मांजरपाट कापडासारखा मळकट पांढरा. शिंप्याच्या वडिलांनी, म्हणजे घरच्या आजोबांनी, चष्मा कपाळावर चढवून त्याला पाहिले आणि नाव ठेवले मांजरपाट. कुत्र्याच्या नावात मांजर! गिऱ्हाइके हसून हसून बेजार होत. त्याला मात्र त्याचे काही नव्हते. हाक आली की तो शेपटी हलवत येई.

त्याच दिवशी शिंप्याने मला कपाटामागून काढले, इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवले आणि सगळ्यांना बजावले, "हे बघा, याला जे द्यायचं ते या वाडग्यात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हातातून कुणी काही भरवायचं नाही. सवय लागली की सुटत नाही."

"मी कशाला भरवू?" आजोबा म्हणाले.

"मला कुठे वेळ आहे?" शिंप्याची बायको म्हणाली. तिची लेक नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. तिने तर माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मित्रांनो, मी ती शपथ खरी मानली. माझ्यावर हात ठेवून बोललेले ते शब्द होते. पीठ मोजताना मला नुसते काम होते, आता मला मान मिळाला. मांजरपाट माझ्यात तोंड घालून जेवायचा आणि शेवटी मला चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत न्यायचा. तो 'टण्' असा आवाज झाला की घरात सगळ्यांना कळे, जेवण झाले.

शपथ पुरता महिनाभरही टिकली नाही. पहिले आजोबा. चार वाजता चहात बुडवलेले बिस्कीट अर्धे तोंडात जाई आणि अर्धे खुर्चीखाली. मग शिंपीणबाई. दुधावरची साय काढताना तिचे बोट आपोआप खाली येई. लेक कॉलेजातून बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांची पुडी आणी, खाई आणि पुडी चाटायला देई. या तिघांचे मला दुःख झाले. पण एके दुपारी शिंप्याने शिवणयंत्राचे पायडल थांबवले, डबा उघडला, लोणी लावलेल्या पावाची कड मोडली आणि गुडघ्याजवळ धरली, तेव्हा मी थिजलो. कुंपणच शेत खात होते!

गंमत अशी, की प्रत्येकाला वाटे, चोरून देणारा आपण एकटाच. "एवढासा तुकडा," प्रत्येक जण मनाशी म्हणे. चार एवढेसे मिळून केवढे होतात, ते टेबलाखालच्या मला दिसत होते. पण मला तोंड असले तरी जीभ नाही.

मग एका सकाळी मांजरपाटने दारातच ओकारी काढली. दुपारपर्यंत पोट बिघडले, परत परत अंगणात पळू लागला. संध्याकाळी माझ्याजवळ आला, वास घेतला आणि तसाच मागे फिरला. दुसऱ्या दिवशीही तेच. शिंप्याने बायकोला सोबत घेऊन त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेले आणि बाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मलाही पिशवीत घातले. तो रोज किती खातो, ते त्यांना पाहायचे होते.

डॉक्टरबाईंनी त्याचे पोट दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या. मग विचारले, "वाडग्यातल्या जेवणाशिवाय आणखी काय खातो?"

"छे, छे. वाडग्यातलं सोडून कशाला तोंड लावत नाही," शिंपी म्हणाला.

शिंपीणबाईंनी मान डोलावली. "आमच्याकडे कडक शिस्त आहे."

डॉक्टरबाईंनी मला उचलले, वास घेतला आणि विचारले, "मग हे भांडं नीट घासता ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मी आरोपी झालो. खरे दोघांनीही लपवले. शिंपीणबाई तर म्हणाली, "जुनंच आहे हो. पोच्यात काहीतरी साचत असेल." जो पोचा मी स्वतः कधी विसरलो नव्हतो, तोच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि निक्षून सांगितले, की गोळी हाताने जिभेच्या मागे ठेवायची, तोंड मिटायचे, गळा चोळायचा. दोन दिवस फक्त पातळ मऊ भात, थोडा थोडा. घरी आल्यावर मांजरपाटने दात आवळले. लेकीने दोनदा प्रयत्न केला, गोळी दोनदा जमिनीवर पडली. मग तिला युक्ती सुचली. तिने गोळी लाटण्याने कुटली आणि भातात कालवून माझ्यात ठेवली.

तो दोन दिवसांचा उपाशी होता. माझ्याकडे पाहून त्याची शेपटी हलली. माझ्यातून त्याला कधी वाईट मिळालेच नव्हते ना! त्याने मोठा घास घेतला. मग गोळीच्या कडूपणाने त्याच्या तोंडाला फेस आला, जीभ बाहेर लोंबू लागली, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. लेकीकडे नाही, माझ्याकडे. तिने लपवले आणि नाव माझे झाले. त्यानंतर मी दिसलो तरी तो भिंतीला अंग घासत पलीकडून जाई.

तो खाईना म्हणून घराचा जीव कासावीस झाला. पण कासावीस होऊन केले काय? आजोबांनी अख्खे बिस्कीट दिले. शिंपीणबाईंनी "बिचाऱ्याच्या पोटात काही नाही" म्हणत सायीची वाटीच पुढे केली. आजाऱ्याला कोण नाही म्हणेल? तो हातातले कसेबसे गिळे आणि अंगणात जाऊन ओके. तिसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. डोळे खोल गेले, नाक कोरडे पडले. शिंप्याने हातातला अर्धा शिवलेला कोट टाकला आणि डॉक्टरबाईंना घरी बोलावून आणले.

त्यांनी त्याच्या पाठीला सुई लावून सलाईन दिले. ते देता देता त्यांचे लक्ष त्याच्या मिशांकडे गेले. तिथे बिस्किटाचा चुरा होता. त्यांनी मला टेबलाखालून ओढून खोलीच्या मध्यावर ठेवले.

"रागावणार नाही," त्या म्हणाल्या. "कालपासून ज्याने त्याला जे दिलं, तेवढंच आणून या वाडग्यात घाला. खोटं बोललात तर हा जाईल, एवढंच सांगते."

आधी आजोबा उठले. त्यांनी चार बिस्किटे माझ्यात ठेवली. शिंपीणबाईंनी साय ओतली. लेकीने चकत्यांची पुडी रिकामी केली. सगळ्यांत शेवटी शिंप्याने डबा उघडला आणि लोण्याचा पाव ठेवला. तो ठेवताच वरच्या चकत्या घसरून जमिनीवर पडल्या. मी ओसंडून वाहत होतो. चौघे एकमेकांकडे पाहत होते.

"तुम्हीसुद्धा?" शिंपीणबाई नवऱ्याला म्हणाली.

"हा आजारी पडला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून लाडाने पाडलात."

मला वाटले, आता तरी कोणी म्हणेल, वाडग्याची काही चूक नव्हती. कोणी म्हटले नाही. उलट लेकीने गोळी कुटल्याचे कबूल केले, तेव्हा डॉक्टरबाईंनीच सांगितले, "मग हे भांडं बदला. त्याला यात औषधच आठवणार." त्यांचे बरोबर होते. म्हणून तर जास्त लागले.

मांजरपाट वाचला. पहिल्या दिवशी चमचाभर पाणी, मग पेजेसारखा भात, मग घट्ट भात. गोळी शिंपी स्वतः हाताने देऊ लागला. पाचव्या दिवशी नव्या निळ्या प्लास्टिकच्या ताटलीतून मांजरपाटने पूर्ण जेवण संपवले आणि ताटली ढकलत भिंतीपर्यंत नेली. 'टण्' झाले नाही, नुसते 'थप्' झाले. तरी घरात सगळे हसले. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो, माझ्यात कापडावर खुणा करायच्या खडूंचे तुकडे होते. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण तो अजून माझ्या बाजूने जात नाही.

ही झाली तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आज चार वाजता आजोबांनी चहात बिस्कीट बुडवले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. शिंपी पाठमोरा यंत्र चालवत होता. हात खुर्चीखाली जाणार, तोच त्यांची नजर माझ्यावर पडली. क्षणभर ते थांबले. मित्रांनो, मला खरेच वाटले, हात मागे येईल. ते उठले, खडू बाजूला काढून ठेवले आणि मला हलकेच पालथे घातले.

आता मला दिसत नाही, फक्त ऐकू येते. खुर्ची करकरली. बिस्कीट मोडले. शेपटी जमिनीवर आपटते आहे. तुमच्या घरी मुके जनावर असेल, तर त्याला चोरून काही देऊ नका. दिलेच, तर विचारणाऱ्याला खरे सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात, तर आत येऊन आधी मला उताणे करा.