सासूबाईंची ॲम्ब्युलन्स

इकडे कानडी मुलखात, बनशंकरीत आमच्या मराठी मंडळाची ॲम्ब्युलन्स सुरू झाली ती त्र्याण्णव साली, आणि पहिले कित्येक महिने तिच्यातून एकही आजारी माणूस दवाखान्यात गेला नाही. लोक आजारी पडत नव्हते असं नाही. पडत होते, पण ऑटोनं जात होते.

याला कारण माझे सासरे. मामंजींचं, म्हणजे नरसिंहरावांचं, शिलाईचं दुकान होतं. आदल्या वर्षी सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा ते रस्त्यावर उभे राहून ऑटोवाल्यांच्या विनवण्या करत होते. कुणाला उलट्या दिशेला जायचं होतं, कुणाला जेवायला. शेवटी एक थांबला, पण सासूबाई वाटेतच गेल्या. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर एकदाच म्हणाले. मामंजी ते स्वतःला रोज ऐकवायचे. मग त्यांनी दुकान विकलं, एक जुनी मॅटॅडोर व्हॅन घेतली, तिच्यात स्ट्रेचर आणि ऑक्सिजनची टाकी बसवून घेतली आणि ती मंडळाला देऊन टाकली. चंद्राबाईच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नावाच्या गाडीनं एका तरी माणसाला वेळेत पोचवावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

इथवर सगळं ठीक होतं. पण मामंजींना स्मारकही हवं होतं. त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवणारा पेंटर धरून आणला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना सासूबाईंचा चेहरा काढून घेतला. आणखी एक आत काढला, स्ट्रेचरवर झोपलेल्याला बरोब्बर समोर दिसेल असा. तिन्ही चेहऱ्यांना चंदनाची जाडजूड माळ. डोळे तर हुबेहूब साधले होते. भाजीत मीठ कमी आहे हे त्या डोळ्यांनी मला वर्षानुवर्षं सांगितलं होतं, त्यामुळे मी ते कुठेही ओळखले असते.

मंडळाचे अध्यक्ष सुब्बाराव उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, "या गाडीचा लाभ सर्वांनी घ्यावा." टाळ्या वाजवायच्या सोडून लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले.

लाभ घ्यायची पहिली पाळी सुब्बारावांवरच आली. छातीत कळ आली म्हणून घरच्यांनी फोन केला. ड्रायव्हर मल्लाप्पा गाडी घेऊन गेला आणि त्यानं त्यांना स्ट्रेचरवर घालून आत सरकवलं. सुब्बारावांनी डोळे उघडले, तर समोर माळ घातलेल्या सासूबाई. सुब्बाराव उठले, स्वतःच्या पायांनी खाली उतरले आणि कोपऱ्यावर जाऊन ऑटोत बसले. दुखणं गॅसचं निघालं. पण चंद्राक्का त्यांना न्यायला आली होती, ही बातमी पार इंदिरानगरपर्यंत गेली.

त्यानंतर गाडी दिसली की लोक रस्त्याची बाजू बदलायचे. काम काहीच नसल्यामुळे मल्लाप्पा रोज गाडी धुवायचा. दसऱ्यापर्यंत असंच चाललं तर गाडी केटररला भांडी वाहायला द्यायची, असं कमिटीनं ठरवलं. ते ऐकल्यापासून मामंजींना जेवण जाईना. त्यांची मला दया यायची आणि रागही यायचा, कारण माळेचं खूळ त्यांचंच होतं.

शेवटी मल्लाप्पाच बोलला. तो निपाणीकडचा, आडपडदा ठेवणारा नव्हे.

"अण्णा, रागवू नगासा. फोटोला माळ हाय म्हंजे माणूस गेलेलं. गेलेल्या माणसासंगं दवाखान्याला कोण जाईल? माळ तेवढी पुसून टाका."

"पुसून टाकू म्हणजे? ती गेली नाही काय?"

"तुमास्नी म्हाईत हाय की. गाडीनं कशाला गावभर सांगत फिरायचं?"

दोन दिवसांनी मामंजींनी पेंटरला बोलावणं धाडलं. माळ गेल्यावर गळा भुंडा दिसायला लागला, म्हणून पेंटरनं ठसठशीत मंगळसूत्र काढलं आणि हात फिरतोच आहे तर ओठांवर हसूही आणलं.

"स्वल्प जास्त झालं," मामंजी म्हणाले.

जास्त झालं होतंच. पण सासूबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसत होत्या. मी कशाला तक्रार करू?

आणि दसऱ्याच्या आधीच गाडीला पेशंट मिळाली. मागच्या गल्लीत रंजिता राहायची. बिऱ्हाड नव्यानंच आलेलं, त्यामुळे त्या घरात सासूबाईंना कुणी ओळखत नव्हतं. नवरा लांब पीण्या भागातल्या कारखान्यात कामाला गेलेला, घरात एकटी सासू विठाबाई, आणि भर दुपारी रंजिताला कळा सुरू झाल्या. मल्लाप्पानं गाडी अशी काढली की दोन सिग्नल त्याला दिसलेच नाहीत. बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळली होती. वेळेत आणलं म्हणून दोघी वाचल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मल्लाप्पानं हे येऊन सांगितलं, तेव्हा मामंजी देवघरात जाऊन बसले.

मग लोक गाडीला बोलवायला लागले. भांड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

सव्वा महिन्यानंतर विठाबाई आमच्या दारात उभी राहिली. मागे रंजिता, तिच्या कुशीत बाळ. विठाबाईच्या हातात खण आणि नारळ होता.

"गाडीवरच्या बाई हाईत का घरात?" तिनं विचारलं. "ओटी भरायची हाय त्यांची. ह्या पोरीनं वाटभर त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळा सोसल्या."

हॉलच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, खऱ्या माळेसकट. त्या दोघी चपला काढेपर्यंत मी तो उतरवून पलंगाखाली ढकलला. सासूबाईंना असं ढकलायची हिंमत मला तोवर झाली नव्हती.

आता प्रश्न मामंजींचा होता. बाळंतिणीला खरं सांगून घाबरवायचं कसं? आणि खोटं बोलणं या माणसाला कधी जमलं नाही. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"ती घरी नसते," ते सावकाश म्हणाले. "दिवसभर गाडीवरच असते."

विठाबाईला यात काही वावगं वाटलं नाही. "असू दे की. कामाची बाई दिसते," ती म्हणाली. तिनं खण-नारळ टेबलावर ठेवला आणि बाळ उचलून मामंजींच्या मांडीवर दिलं. "आल्या की सांगा त्यांना. आम्ही वेळेत पोचलो."

मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"सरी, बरं. सांगतो," ते म्हणाले.

संध्याकाळी खण-नारळ घेऊन ते गाडीपाशी गेले आणि मागचं दार उघडून आत बसले. मी चहा घेऊन गेले, पण बाहेरच थांबले. ऑटोवाल्यांपासून ते बाळापर्यंत सगळं ते सासूबाईंना सांगत होते, मध्येच त्यांची माफी मागत होते, पुन्हा सांगत होते. मलाही रडू आवरेना. चहा गार झाला तरी त्यांचं बोलणं संपलं नाही. सासूबाईंनी त्यांना इतकं सलग कधी बोलू दिलं नव्हतं.