बाद झालेल्याचं आइस्क्रीम

नेमबाजीच्या मैदानावर रोंडाने टायमर वडिलांच्या, वेंडेलच्या, खांद्यामागे धरला आणि बटण दाबलं. भोंगा वाजताच वेंडेलनी कमरेचं पिस्तूल उपसलं आणि चालता चालताच गोळ्या झाडायला सुरुवात केली.

गुडघे वाकलेले, आधी टाच, मग हळूच चवडा. कमरेच्या वर काही हलायचं नाही. हे चालणं त्यांनी रोंडाला लहानपणी स्वयंपाकघरात शिकवलं होतं, काठोकाठ भरलेला कॉफीचा कप हातात देऊन. सांडली की पुन्हा पहिल्यापासून. आई फरशी पुसून वैतागायची.

आज पंच म्हणून रोंडा त्यांच्या मागोमाग चालत होती. सकाळी त्यांनीच हट्ट धरला होता, माझ्या मागे आज तूच हवीस.

पुठ्ठ्याची पहिली लक्ष्यं त्यांनी नेमकी टिपली. पुढच्या लक्ष्याकडे वळताना मात्र उजव्या गुडघ्याने दगा दिला. तोल सावरायला हात बाजूला गेला, आणि त्याच हातात पिस्तूल होतं. नळी क्षणभर मागे, दोरीपलीकडे खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींकडे वळली. बोट चापावर नव्हतं, एवढंच नशीब.

नळी मागे आली की बाद, यात दयामाया नाही. आणि वेंडेलनी तर चारचौघांत सांगून ठेवलं होतं, बाद होईन त्या दिवशी पिस्तूल कपाटात जाईल, ते कायमचं. आई गेल्यापासून या माणसाला शनिवारच्या या मैदानाशिवाय होतं काय?

"थांबा," ती म्हणाली.

ते जागीच थांबले. पिस्तूल रिकामं करून तिला दाखवलं आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये सरकवलं.

"काय गं, झालं काय?" खुर्चीतून क्लाईडने विचारलं. वेंडेलचा जुना दोस्त, एरवी पंच तोच असायचा.

"नळी मागे आली."

"एवढ्या तेवढ्यावरून? अगं, बाप आहे तुझा. जरा कानाडोळा केला असतास तर आभाळ कोसळणार होतं का?"

"मी पाहिलं, क्लाईडकाका."

क्लाईडने सुस्कारा सोडला. "मग काय, वेंड्या, काढ आइस्क्रीम. जा गावात."

रिवाजच होता तो. बाद होणाऱ्याने त्याच दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घालायचं.

"गावात कशाला?" वेंडेल म्हणाले. "रोंडा, चल, जरा हात लाव."

लंगडत ते आपल्या ट्रकपाशी गेले. मागे ताडपत्रीखाली बर्फाची पेटी होती. रोंडाने झाकण उघडलं. आत सगळ्यांना पुरतील इतके आइस्क्रीमचे डबे होते आणि सगळ्यात वर तिच्या आवडीचं पीच.

तिने वडिलांकडे वळून पाहिलं.

"हे कधी घेतलंत, डॅड?"

"सकाळी. तुला घ्यायला येण्याआधी." त्यांनी तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं. "गेल्या शनिवारीही नळी मागे आली होती. त्याच्याही आधी एकदा. क्लाईडने थांबवलं नाही."

रोंडाने डोळे पुसले.

"घे आधी तुझं पीच," ते म्हणाले. "वितळतंय."