कप्तान पडत नाही

आमच्या दादाने मला दर आठवड्याला ठार मारलं आणि लोकांनी ते घरोघरी बसून बघितलं. अवकाशातली ती मालिका ज्यांनी पाहिली त्यांना कप्तान आठवतोच. तो कप्तान म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आणि यानात घुसून माणसं फाडणारा हिरव्या खवल्यांचा प्राणी आठवत असेल, तर त्याच्या आत मी होते. आत बाई आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही. शेवटी नावं सरकायची तेव्हा दादाचं नाव सगळ्यात आधी आणि एकटं यायचं. माझं येईपर्यंत जाहिराती सुरू झालेल्या असायच्या.

त्या रबरी पोशाखातून दिसायचं काहीच नाही. नाकपुड्यांच्या भोकांतून जरासा उजेड आत यायचा, बस. म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत ठरवली होती. मारायच्या आधी दादा बुटाने जमिनीवर ठोकायचा. एकदा ठोकलं की वार डाव्या खांद्यावर, दोनदा ठोकलं की उजव्या, आणि तीनदा म्हणजे आता मर. मी त्याप्रमाणे अंग चोरायची, कळवळायची, कोसळायची. चेन पाठीवर होती, आतून माझा हात पोचायचा नाही, म्हणून काम झालं की ती दादाच उघडायचा. "छान मेलीस, बारके," म्हणायचा आणि पाण्याची बाटली हातात द्यायचा.

लोकांना वाटतं पडायला काय लागतं. लागतं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडून द्यायचा, आधी हात आपटायचा, मग खांदा, आणि डोकं शेवटपर्यंत वर. यानाचा स्वयंपाकी, डॉक्टर, शिपाई, आम्ही सगळे दुय्यम लोक रोज सकाळी गादीवर पडत बसायचो आणि दादा कॉफी पीत बघायचा. यान फुटलं तरी कप्तान उभा राहील, असं निर्मात्याने करारातच घातलं होतं. मी एकदा म्हटलं, अरे शिकून ठेव की, कधीतरी उपयोगी पडेल. तर म्हणे, कप्तान पडत नाही. मी हात जोडले.

मालिका संपली आणि दादा तिथेच थांबला. स्वयंपाक्याने दुकान टाकलं, मी लोकांच्या सिनेमांत जिन्यांवरून गडगडत पोट भरलं. हा मात्र वाट बघत बसला. दर दोन-चार वर्षांनी आवई उठायची की मालिका पुन्हा येणार. मग केस रंगवले जायचे, कप्तानाचं निळं जाकीट धुऊन यायचं, जेवण अर्ध्यावर यायचं. मग सगळं विरून जायचं. सासऱ्याची भूमिका चालून आली, वकिलाची आली, सगळ्यांना नकार. दुसऱ्याच्या गोष्टीत मी उभा राहणार नाही, म्हणायचा. हा नाकाने कांदे सोलत बसला आणि वहिनीने शाळेत शिकवून घर ओढलं. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम.

यंदा मात्र खरंच ठरलं. वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, यंदा हुकलं तर हे जगायचे नाहीत गं.

शूटिंग एका जुन्या गोदामात होतं. दिग्दर्शिका तिशीची, हुशार, बोलायला गोड. पहिल्या दिवशी दुपारी ती रंगभूषेच्या खोलीत आली. दादा आरशापुढे बसलेला, मी पोशाखात अर्धी शिरलेली. तिने हसत हसत सांगितलं की पहिल्याच भागात कप्तान मरतो. प्राणी त्याला मारतो आणि यान नव्या मुलांच्या हातात जातं. प्राणी पुढेही राहणार, कारण त्यांनी प्रेक्षकांना विचारलं होतं आणि प्रेक्षकांना तोच हवा होता. हे तिने मुद्दाम आजपर्यंत लपवलं होतं. कप्तानाच्या चेहऱ्यावर धक्का ताजा दिसायला हवा, असं तिचं म्हणणं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाई, या माणसाने या दिवसासाठी आयुष्य घालवलंय. ती म्हणाली, म्हणूनच तर ते पडद्यावर दिसेल. दादा भांग काढत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि माझी चेन लावायला उठला. मी हळूच म्हटलं, दादा, नाही म्हणून सांग, आपण दोघं घरी जाऊ. त्याने चेन मानेपर्यंत ओढली.

प्रसंग साधा होता. कप्तान रबरी दांडक्याने तीन वार करतो, प्राणी पडत नाही, शेवटी प्राणी त्याला ढकलतो. त्याच्यामागे जाड गादी अंथरली होती. नुसतं मागे झोकून द्या, असं त्याला चारचारदा सांगून झालं होतं.

कॅमेरा सुरू झाला. मी कान टवकारून ठोक्याची वाट बघत उभी. ठोका आलाच नाही. सरळ गुडघ्यावर वार बसला आणि आत हाड वाजलं. रबर नव्हतं ते. दिव्याच्या स्टँडची लोखंडी नळी उचलली होती त्याने, हे मला नंतर कळलं. मी किंचाळले. पोशाखातून ते बाहेर गेलं गुरगुरल्यासारखं, आणि दिग्दर्शिका ओरडली, वा, असंच चालू द्या.

पुढचा बरगडीवर. त्याच जागी आणखी एक. श्वास आत जाईना. मग डोक्यावर. खवलं जाड म्हणून कवटी वाचली, पण कानातून गरम ओघळ मानेवर आला आणि जिभेवर दाताचा तुकडा. मी हात पसरून चाचपडत मागे सरकत होते, तो हाणत पुढे येत होता, फिरत होता, आणि गादी कुठल्या कुठे राहिली होती. प्रत्येक वाराबरोबर त्याच्या घशातून हुंदका येत होता. मला मारताना माझा भाऊ रडत होता.

मग तीन ठोके आले. मर.

मी मेले नाही. लहानपणी काच याने फोडली, मार मी खाल्ला. याला नाटकाच्या शाळेत घातलं, म्हणून माझी शाळा सुटली. जन्मभर याच्यासाठी पडत आले होते, आणि आता माझी हाडं मोडूनही याला मी पडायलाच हवी होते. संतापाने मला दुखायचंच थांबलं.

पुन्हा तीन ठोके, विनवण्या केल्यासारखे. मी त्या आवाजावर झेप घेतली, त्याचं जाकीट मुठीत धरलं आणि त्याचं तोंड माझ्या नाकपुड्यांजवळ ओढलं.

"दादा, आज तू पड."

"कप्तान पडत नाही, बारके," तो म्हणाला, आणि नळी माझ्या पाठीत बसली.

मी होत्या नव्हत्या ताकदीने त्याला ढकललं. आम्हा पडणाऱ्यांचं एक असतं, ढकललं की माणूस आपोआप नीट पडतो असं आम्हाला वाटतं. समोरचा शिकलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. हात आपटल्याचा आवाज मला आला नाही, खांद्याचा आला नाही. यानाच्या लोखंडी पायरीच्या कडेवर डोकंच आधी आपटलं, आणि मग सगळं शांत.

मग टाळ्या. सगळं गोदाम टाळ्या वाजवत होतं. मी ओरडत होते, अरे त्याला बघा, चेन उघडा, माझी चेन उघडा. त्यांना गुरगुर ऐकू येत होती. मी गुडघ्यावर सरपटत जमीन चाचपडली, ओली जागा हाताला लागली, मग जाकीट. त्याची छाती हलत नव्हती. मी त्याचा हात उचलून माझ्या पाठीवर चेनेपाशी नेला. तो घसरून खाली पडला, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

पोलिसांनी चित्रीकरण पाहिलं, नळी पाहिली, माझं मोडलेलं अंग पाहिलं आणि अपघात म्हणून सोडून दिलं. वहिनीने मला जवळ घेतलं. वर्ष गेलं आणि वाहिनीवाले पुन्हा दारात. लोकांना मालिका हवीच होती. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, पोशाखाची चेन पुढून. दुसरी मी स्वतःच करणार होते.

नवा कप्तान उंच, देखणा पोरगा आहे. पहिल्या दिवशी मी गादी ओढली आणि म्हटलं, पड. तो हसला. म्हणाला, मावशी, मी कप्तान आहे.

"म्हणूनच," मी म्हटलं. "आधी पड. हनुवटी छातीला लाव."