बांगड्याची तपासणी

नलिनीबाईंनी आयुष्यभर बालवाडी चालवली आणि त्यात एक गोष्ट अंगात मुरली ती मुरलीच. तपासणी होणार म्हटलं की साहेबांच्या आधी आपण तपासायचं. आदल्या दिवशी पोरांची नखं कापायची, नाकं पुसायची, फरशीवर फिनेल मारायचं आणि ज्याला खरूज असेल त्याला दुसऱ्या दिवशी घरीच ठेवायचं. साहेब खूश, पोरं खूश, शेरा ‘उत्तम’. यात काही लबाडी आहे असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. पाहुणा यायचा म्हटला की आपण घर आवरतोच की, तसंच हे.

त्यामुळे त्यांची भाची श्रुतिका जेव्हा फोनवर म्हणाली, “मावशी, रविवारी तुमच्या सोसायटीत येतेय मी, कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिड्या बघायला,” त्याच क्षणी बाईंचा पदर खोचला गेला.

श्रुतिका पशुवैद्यकीय कॉलेजात संशोधन करते. डोंगराला आणि जंगलाला टेकलेल्या सोसायट्यांतून फिरायचं, गोचिड्या गोळा करायच्या आणि त्यांच्या पोटात माणसाला ताप आणणारे जिवाणू आहेत का ते लॅबमध्ये तपासायचं, हे तिचं काम. मुलुंडला मावशीच्या इमारतीमागेच डोंगर सुरू होतो, म्हणून ती यादीत आली.

“हा ताप पटकन ओळखू येत नाही गं,” ती सांगत होती. “सगळे डेंग्यू-मलेरियाच्या मागे लागतात. खरं तर साध्या गोळीने बरा होतो, पण वेळेत मिळाली तर. नाहीतर वाट लागते माणसाची.”

बाईंच्या कानात यातलं फक्त ‘गोचिड्या’ शिरलं. कारण आधीच्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्त मीटिंगमध्ये कॉलेजचं पत्र वाचून दाखवताना बोलून गेले होते, “सर्वेत काय निघतंय ते बघू, मग त्या कुत्र्याचा निकाल लावतो. पालिकेची गाडी बोलावून देतो पाठवून.”

त्या कुत्र्याचं नाव बांगडा. तो कुणाचाच नव्हता, पण दुपारी नलिनीबाईंच्या तव्यावर मासा पडला की जिन्याखालची झोप सोडून बरोब्बर दारात हजर व्हायचा, म्हणून हे नाव. एक कान मोडका, पाठीवर तांबूस पट्टा, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी याच्या तोंडचा घास काढून घेतलाय. नलिनीबाईंचा त्याच्यावर जीव होता आणि त्या तो लपवत नसत. त्यांचे यजमान शिवदास मात्र त्याचं नाव घेतलं की तोंड वाकडं करत. “हो मेलो माझ्या वाटचो मासो खाता,” असं रोज एकदा म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

शनिवारी सकाळी बाईंनी बांगड्याला मागच्या नळावर धरलं. सीताफळाच्या बियांची पूड लावून चोळून आंघोळ घातली. तरी कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या चिकटलेल्याच. मग गॅलरीतून बघत उभे असलेले शिवदास कुरकुरत खाली उतरले.

“तुझ्यान होवचा नाय. सर बाजूक.”

ते मालवणच्या बाजूला गुराढोरांत वाढलेले. तिथे गोचीड काढली की नखावर चिरडायची, नाहीतर पुन्हा चढते, हा नियम. चष्मा नाकावर घेऊन, बांगड्याचं डोकं मांडीवर धरून त्यांनी एकेक वेचून काढली आणि चिरडली. रक्ताचे शिंतोडे उडाले की हात लुंगीला पुसायचे, घाम आला की त्याच हाताने डोळे. सगळा वेळ कुत्र्याला शिव्या चालूच होत्या आणि बांगडा डोळे मिटून त्या अंगाई ऐकावी तशा ऐकत होता. दुपारी बाईंनी वॉचमनकडून मागचं गवतही कापून घेतलं.

रविवारी श्रुतिका आली. पांढरं फडकं काठीला बांधून तिने कंपाउंडभर फिरवलं, कारण गवतातली गोचीड जनावर समजून त्याला चिकटते. गवतच नाही, तर चिकटणार काय? मग तिने बांगड्याचे कान उलटे केले, पंजे फाकवले, शेपटीखाली पाहिलं. तो नवरदेवासारखा उभा होता.

“कमाल आहे,” ती म्हणाली. “डोंगराच्या इतकं जवळ आणि एक पण नाही?”

“आमची सोसायटी स्वच्छ आहे गं,” बाई म्हणाल्या आणि तिला कांदेपोहे वाढले. श्रुतिकाने इमारतीच्या नावापुढे शून्य टाकलं. देवदत्तांचं तोंड बंद झालं. नलिनीबाई त्या रात्री गाढ झोपल्या.

पुढच्या आठवड्यात शिवदासांना ताप भरला. आधी अंगदुखी, मग डोकं फुटेल असं दुखणं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइडही नाही. डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल. पण ताप हटेना, प्लेटलेट उतरू लागल्या, तेव्हा दवाखान्यात दाखल करावं लागलं. पेज भरवताना बाईंना त्यांच्या तळहातावर बारीक लाल ठिपके दिसले.

संध्याकाळी श्रुतिका भेटायला आली. तिने ठिपके पाहिले आणि तिचा चेहरा बदलला.

“मावशी, काकांना गोचीड चावली होती का? कुठे गेले होते का डोंगरावर?” मग स्वतःच म्हणाली, “तुमच्याकडे तर काहीच नाही मिळालं. तरी डॉक्टरांशी बोलू का?”

नलिनीबाई तोंड उघडणार, तोच शिवदासांनी त्यांचं मनगट पकडलं. हात तव्यासारखा तापलेला, पण पकड घट्ट.

“काय एक बोला नको,” ते पुटपुटले. “तेका घेवन जातले.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणजे या माणसाला अंदाज होता. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता आणि श्रुतिकाचं सगळं बोलणं शेजारी बसून त्यांनीच नीट ऐकलं होतं. ताप कसला असेल हे ओळखून ते गप्प राहिले होते, आणि कुणासाठी, तर ज्याला रोज मेला म्हणायचे त्या कुत्र्यासाठी. बाईंना रागही आला आणि माया अशी दाटून आली की दोन्हींत फरक कळेना.

त्यांनी मनगट सोडवून घेतलं.

“बाळा, होत्या,” त्या म्हणाल्या. “ढीगभर होत्या. आम्हीच काढल्या तू यायच्या आधी. यांनी नखांनी चिरडल्या. गवत पण मीच कापून घेतलं. बांगड्याला न्यायचं तर ने, पण यांना वाचव.”

श्रुतिका धावत डॉक्टरांकडे गेली. गोळ्या त्याच रात्री सुरू झाल्या, रक्त वेगळ्या तपासणीला गेलं. परत आल्यावर ती मावशीच्या शेजारी बाकावर बसली.

“तुला कोणी सांगितलं आम्ही कुत्रे नेतो? आम्ही गोचिड्या नेतो गं. सापडल्या की कुत्र्याला औषध देतो, आणि इथल्या डॉक्टरांना कळवतो की असा ताप येऊ शकतो, लक्ष ठेवा. तू शून्य दाखवलंस. उद्या तुमच्या बिल्डिंगमधलं एखादं पोर तापलं असतं, तर ‘इथे काही नाही’ म्हणून कोणी विचारलंही नसतं.”

नलिनीबाईंना खरूज झाल्यामुळे घरी ठेवलेली पोरं आठवली. साहेबांना ती कधी दिसली नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी मलमही कधी आलं नव्हतं. पदराने डोळे पुसत त्यांनी देवदत्तांची गाडीची धमकीही सांगितली आणि श्रुतिकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“परत येते मी,” ती म्हणाली. “या वेळी आंघोळ नको घालूस, प्लीज. देवदत्तकाकांशी मी बोलते.”

दोन दिवसांनी ताप उतरला. सकाळी शिवदासांनी डोळे उघडले, घोटभर पाणी घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बांगडो जेवलो?”

“जेवला. तुमच्या वाटणीचा पण जेवला.” नलिनीबाईंनी पेजेची वाटी स्टुलावर आपटली. “त्याला नेतील म्हणून गप्प बसलात. तुम्हाला नेलं असतं तर? मी काय करायचं होतं मागे एकटीने? माझं काय ते एकदा तरी आलं का मनात?”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट भिंतीकडे वळला.

शिवदासांनी हात पुढे केला आणि बाईंची बोटं धरली.

“माका म्हायत होता तू सांगतलंस,” ते म्हणाले. “जन्मात माझा कधी आयकलंस गो?”