बाबांच्या हाताचं माप

दरवर्षी नववीच्या मातीकामाच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते : माती आटते. सुकताना आटते, भट्टीत आणखी आटते. ओलं असताना केवढंही दिसो, भाजून निघालेलं भांडं लहानच होतं. मुलं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडासुद्धा त्यांना धड करता येत नाही.

यंदाचा प्रकल्प सोपा होता. घरातल्या एका माणसासाठी रोजच्या वापराची एक वस्तू करायची. शेवटी प्रदर्शन, घरच्यांनी यायचं आणि ज्याची वस्तू त्याने तिथेच वापरून बघायची. शोभेच्या फुलदाण्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. एकाने आजोबांच्या कवळीसाठी झाकणाची डबी करायला घेतली. भिंगरी म्हणाली, "बाई, मी बाबांसाठी कप करणार."

भिंगरी हे तिचं वर्गातलं नाव. एका जागी बसणं तिच्या रक्तातच नाही. तिचे बाबा शिंपी. शाळेतल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्या हातचे असायचे. मग संधिवाताने दोन्ही हातांची बोटं अशी धरली की ना पुरती मिटत, ना पुरती उघडत. दुकान बंद झालं. कपाच्या कानात बोट शिरेना, पेला हातातून निसटू लागला.

"आई पाजते," ती म्हणाली. "बाबांचा पिऊन होईस्तोवर आईचा चहा गार होतो. कुणी आलं की बाबा चहा नकोच म्हणतात. कुणाकडे जातही नाहीत."

तिची युक्ती चांगली होती. जाड, बिनकानाचा कप करायचा, ओला असतानाच घरी न्यायचा आणि बाबांनी तो जमेल तसा धरायचा. बोटं रुततील तिथेच खळगे. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची मापं घेतली, त्याचं माप आता त्याची मुलगी घेणार होती. मला हे फारच आवडलं. ती कप ओल्या फडक्यात गुंडाळून निघाली, तेव्हा मी फळ्याकडे बोट दाखवलं. "हो बाई, माहितीय," म्हणत ती पळालीसुद्धा.

कप सुकला, भाजून निघाला, एक तडा नाही. भिंगरी तो मिरवत घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. खळगे आटले होते. बाबांची बोटं त्यांत बसेनात, कप कलंडायला लागला.

"काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, हे कुणा दुसऱ्याचं माप दिसतंय. हसले. मग म्हणाले, राहू दे बाळा, मला सवय झालीय आता."

ती नखातली माती टोकरत बसली. एका जागी. मला ते बघवेना, आणि बघवेनासं झालं की मी चिडते.

"शिंप्याची पोर ना तू? नवं कापड तसंच बेतलं आणि पहिल्या धुण्यात आटलं, तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"बाबा आधी भिजवून घेतात कापड."

"मातीला ती सोय नाही. इथे माप आधीच मोठं घ्यावं लागतं."

"कप मोठा करता येईल, बाई. बाबांचा हात कसा मोठा करू?"

खळगे कोरून वाढवता आले असते, पण वाकड्या बोटांची जागा अंदाजाने सापडत नाही. खिडकीबाहेर गारठ्यात शाळेचा माळी जाड लोकरी हातमोजे घालून पाइप गुंडाळत होता. भिंगरी त्याच्याकडे बघत बसली होती. एकदम उठली.

"बाई, हातमोजे!"

पुढचं मला सगळ्या वर्गासोबत अभिनयासकट ऐकावं लागलं. बाबांच्या हातात लोकरी मोजा, लोकर मातीला चिकटू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला आईने बांधलेली दोरी. "मी माप देतोय की चोरीला निघालोय?" बाबा म्हणाले आणि तिघं इतकी हसली की नवा ओला कप बसायचाच बाकी होता.

हा कप फुटला असता तर दुसऱ्याला वेळ नव्हता. भट्टी निवेपर्यंत भिंगरी तिच्या दाराशी घुटमळत राहिली. "हात लावलास तर तुलाच भाजीन," मी म्हटलं. कप धड निघाला. पण मोजा जास्त जाड झाला नसेल कशावरून?

"बाबा येणार ना?"

"येतो म्हणालेत. चहा पितो असं नाही म्हणाले."

प्रदर्शनाला गर्दी झाली. कवळीच्या डबीचं झाकण बसेना. "माझे दात माझ्या तोंडातच बरे," आजोबांनी जाहीर केलं. बाबा आले ते दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. मी त्यांच्या कपात चहा ओतला. आईचा हात सवयीने पुढे झाला.

"थांब," बाबा म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढला आणि एकेक बोट खळग्यात ठेवलं. सावकाश, सुईत दोरा ओवावा तसं. भिंगरी जागची हलली नाही.

"कुठे काचतंय का?" तिने विचारलं. माझा कोट शिवला तेव्हा हेच बाबांनी मला विचारलं होतं.

"करंगळीला जरा सैल आहे," बाबा म्हणाले. "सैल असलेलं बरं."

त्यांनी कप उचलला, ओठांना लावला आणि प्यायले. एक थेंब सांडला नाही. मला रडू आलं; येऊ दिलं. भिंगरीने टाळ्या पिटत टेबलाभोवती दोन गिरक्या घेतल्या.

आई मात्र तशीच उभी होती. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. मी तिच्या हातात तिचा कप दिला. तिने रोजच्यासारखा एकदम मोठा घोट घेतला आणि कळवळली.

"आई गं! जीभ भाजली!"

"अगं, फुंकून पी," बाबा म्हणाले. "गरम आहे."