सरावातलं इंजेक्शन

मी भूल देणारी डॉक्टर. स्वभाव संशयी, आणि आमच्या कामात तो गुण समजला जातो. महिन्यातून एकदा, कुणाला कानोकान खबर न लागू देता, मी ऑपरेशनच्या टेबलावर रबरी बाहुला झोपवायची आणि ओरडायची, "याला औषधाची रिॲक्शन आली! प्रेशर पडलं!" मग सगळ्यांनी धावायचं आणि ॲड्रेनालिन, म्हणजे प्रेशर वर आणणारं इंजेक्शन, द्यायचं. पहिल्या तीन सरावांत बाहुला दगावला. चौथ्यात वाचला, तेव्हा आम्ही चहाबरोबर बिस्किटं खाल्ली.

फक्त एक भानगड होती, आमचे स्टोअरवाले काका. कापसाचा बोळा देतानाही त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. ते म्हणाले, "रबराच्या बाहुल्याला खरं ॲड्रेनालिन? मॅडम, माझ्या कपाटातून त्यासाठी एक कुपी निघायची नाही. 'दिलं' म्हणा आणि मोकळ्या व्हा." मलाही पटलं. तेव्हापासून मी "ॲड्रेनालिन!" ओरडले की सिस्टर खणखणीत आवाजात "दिलं!" म्हणायच्या. बाहुला गुणी, तो लगेच बरा व्हायचा.

मग एके दिवशी काकाच टेबलावर आले. पित्ताशयात खडे. मी भूल दिली, अँटिबायोटिक दिलं, सर्जननी अंगावर चादरी पसरल्या. दोन मिनिटांत नाडी धावत सुटली आणि वरचं प्रेशर पन्नासवर आलं. हवा भरायची पिशवी दाबली तर ती दगडासारखी घट्ट, म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्या. चादर उचलून पाहिलं, तर काकांच्या छातीवर लालबुंद गांधी उठलेल्या.

"रिॲक्शन! अँटिबायोटिकची! सर, थांबा. ॲड्रेनालिन!"

"दिलं!" सिस्टर म्हणाल्या.

सर्जन हात वर करून बाजूला झाले. "खुद्द काकांवर सराव? कमाल आहे हं तुमची, मॅडम."

त्यांच्याशी वाद घालायला वेळ कुणाला होता? मी ऑक्सिजन पूर्ण सोडला, सलाइन धो धो चालू केलं, काकांचे पाय उंच करायला लावले. प्रेशर पंचेचाळीस.

"आणखी द्या!"

"दिलं!"

प्रेशर चाळीस. औषध जातंय आणि माणूस खाली चाललाय, असं कसं? मी वळून पाहिलं. ट्रेमध्ये कुपी जशीच्या तशी, अजून फोडलेलीसुद्धा नाही. शेजारी सिस्टर रिकाम्या हातांनी उभ्या, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं हसू.

"अहो, खरं द्या! हा सराव नाही, काका मरतायत!"

सिस्टर ट्रेकडे वळेपर्यंत कुपी मीच फोडली. पातळ करून थोडं थोडं शिरेत सोडलं. पन्नास. साठ. पुन्हा थोडं. ऐंशी. हातातली पिशवी हळूहळू मऊ झाली. ऑपरेशन रद्द करून आम्ही काकांना अतिदक्षता विभागात हलवलं.

बाहेर बाकावर काकू, काकांच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांना मी लगेच सगळं सांगितलं. "दीड मिनिट आम्ही औषध 'दिलं' असं नुसतं म्हणत होतो, काकू. सराव मीच तसा बसवला होता. चूक माझी आहे." त्या दिवसभर त्याच बाकावर बसून राहिल्या, आणि मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटत राहिली.

संध्याकाळी काकांच्या घशातली नळी काढली. मी धावतच बाहेर गेले. "आता बरे आहेत."

"म्हणू नका," काकू उठत म्हणाल्या, "दाखवा."

मी त्यांना आत नेलं. काका सुजलेले डोळे मिटून निपचित पडले होते. काकूंनी पांघरूण सारलं आणि त्यांच्या पिंढरीला असा काही चिमटा काढला की काका घोगऱ्या आवाजात किंचाळले, "अगं ए, जीव घेतेस की काय!"

काकूंनी तो पाय तसाच छातीशी धरला आणि त्या मोठमोठ्यानं रडायला लागल्या. माझाही बांध फुटला.

"काकू," दारातून सिस्टर नाक पुसत म्हणाल्या, "एकदा अजून ओरडायला लावा ना त्यांना."