गोलाबाहेरची गोगलगाय

अध्यक्षानं शेंगेवर दगड ठेवला, हात झटकले आणि उभं राहून जाहीर केलं, "शेंग मेली."

कुणी हळहळलं नाही. शेंग सकाळपासून दोनदा मेली होती, एकदा बुडून आणि एकदा जास्त हसून.

"बरं. तिला गोलाबाहेर ठेव," ताई म्हणाल्या. "आता पुढचं वाक्य कुणाचं?"

बालवाडीची चौदा मुलं घेऊन ताई रोज मैदानाच्या टोकाला, मोठ्या झाडाखाली बसायच्या. तोडायचं काही नाही, पडलेलं उचलायचं, हा पहिला नियम. प्रत्येकानं एक वस्तू आणायची आणि खड्यांच्या गोलात ठेवायची. ती वस्तू मग कुणीतरी व्हायची आणि मुलं पाळीपाळीनं एकेक वाक्य बोलून गोष्ट पुढे ढकलायची. आजच्या गोष्टीत शेंग बाजाराला निघाली होती. वाटेत तिला एक काडी भेटली. काडीच्या पोटात दुखत होतं, कारण तिनं चुकून नदी पिऊन टाकली होती. नदीतले मासे आतून दार वाजवत होते.

अध्यक्षाला अध्यक्ष म्हणत, कारण तो उभा राहिल्याशिवाय बोलत नसे. शंका नावानं ओळखली जाणारी मुलगी प्रश्नाशिवाय बोलत नसे. आणि एक मुलगा वस्तूच आणत नसे. तो बोटानं मातीत खड्डा करायचा आणि म्हणायचा, "हा मी." खड्डा हे त्या गोलातलं एकच पात्र असं होतं, की ते कधी मेलं नाही. त्याला मारायचं कसं, यावर एकदा अख्खी सकाळ गेली होती.

मरण्याचा नियम ताईंनी नंतर केला होता. दोन वर्षांपूर्वी गोष्टीत एक पिवळं पान वारलं आणि सात मुलं एका सुरात रडली. पाच आयांचे फोन आले. एका मुलानं महिनाभर पालेभाजी खाल्ली नाही, नातेवाईक आहेत म्हणून. तेव्हापासून ठरलं, की मेलेल्याला गोलाबाहेर ठेवायचं, पण गोष्ट संपली की ताई तीन टाळ्या वाजवणार आणि म्हणणार, "उठा रे सगळे!" मग मेलेले सगळे पुन्हा गोलात. मग जी वस्तू जिथून आणली तिथे परत ठेवायची आणि हात धुवायला जायचं.

ताईंनी तीन टाळ्या वाजवल्या. शेंग उठली. मासे सुटले.

कुंपणाच्या पलीकडे बटण नावाच्या मुलीचे बाबा उभे होते. शाळा सुटायला वेळ असायचा, तरी ते गोष्टीच्या शेवटाला रोज हजर असत. दोन्ही हातांनी गज धरून बघत राहायचे आणि टाळ्या वाजल्या की गज सोडायचे.

"ताई, झाकण," बटण म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. हेही रोजचंच. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि बाटलीचं झाकणही ते त्याच जबाबदारीनं लावायचे. ताईंना रुमाल घ्यावा लागे.

बटण हे तिचं नाव आईनं ठेवलं होतं. दोन वर्षांची असताना तिनं एक बटण गिळलं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते सन्मानानं परत केलं होतं. आईनं ते धुऊन पुन्हा शर्टाला लावलं होतं. ही गोष्ट आई फाटकाशी उभी राहून सगळ्यांना सांगायची, आणि बाबा शेजारी तोच शर्ट घालून उभे असायचे. चार महिन्यांपूर्वी आई आजारी पडली, अकरा दिवस दवाखान्यात होती आणि गेली.

मुलं नळाकडे पळाली तशी बाबांनी गजातून हाक मारली.

"ताई, दोन मिनिटं होतील का?"

ताई कुंपणाजवळ गेल्या.

"घरी जरा वेगळंच चाललंय," बाबा म्हणाले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी काढला, पाहिला, परत ठेवला. "रोज सकाळी हिच्या आईच्या ब्रशवर पेस्ट लावलेली असते."

"अगं बाई. बटण लावते?"

"घरात आम्ही दोघंच."

नळावर अध्यक्ष आणि शंका यांच्यात आधी कोण, यावरून सभा भरली होती.

"तुमच्या गोष्टीत शेवटी सगळे उठतात ना," बाबा म्हणाले. "चांगलंच आहे ते. पण त्यानं वाट बघणं काही सुटत नाही. वाटतं, टाळ्या वाजायच्यात अजून."

"तुम्ही बोललात का तिच्याशी?"

"मला नाही जमत. आमच्या कामात काय होतं, लिफ्टमध्ये माणूस अडकला, की बाहेरून सांगायचं, दोन मिनिटं. तास लागणार असला तरी दोन मिनिटं. खरं सांगितलं की माणूस आत दारं बडवतो. वीस वर्षांची सवय झाली, ताई." ते हसले, पण हसू अर्ध्या मजल्यावर अडकलं. "तुम्ही एकदा गोष्टीतच करा ना. एखाद्याला नका उठवू. तुमचं ऐकतात सगळे."

बटण ओले हात फ्रॉकला पुसत आली. फ्रॉकचं वरचं बटण खालच्या काजात होतं आणि त्यामुळे खालची सगळी एकेक घर चुकली होती. ताईंनी वाकून ती सरळ केली.

आई गेल्यावर ही मुलगी नवव्या दिवशी शाळेत आली होती. त्या दिवशी ताईंनी मुद्दाम जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. तिला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः वस्तू आणली. झाडाच्या मुळाशी, सालीच्या खोबणीत गोगलगायीचा एक रिकामा शंख होता, नखाएवढा. तो त्यांनी गोलाच्या मधोमध ठेवला. मुलांनी पिसं, काड्या, बिया मांडल्या. खड्ड्यानं खड्डा केला. बटणनं एक बी आणली आणि शंखाच्या शेजारी ठेवली. मग वाकून एक डोळा मिटला आणि शंखात पाहिलं.

"एक गोगलगाय होती," ताईंनी सुरुवात केली. "तिला घाई नव्हती."

"ती फायर ब्रिगेडमध्ये होती!" अध्यक्ष उभा राहून म्हणाला.

"मग आग विझायची कशी?" शंकेनं विचारलं.

"ती पोचेपर्यंत आपोआप विझायची," खड्डा म्हणाला. "म्हणून तिला बक्षीस मिळालं."

बक्षीस म्हणून गोगलगायीला एक पीस मिळालं. त्या पिसावर बसून तिनं विमान केलं, पण विमानही तिच्याच वेगानं जायचं. खालून मुंग्या पुढे निघून जायच्या आणि वर बघून विचारायच्या, मावशी, पोचलात का? बटणची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "तिनं बीला पाठीवर घेतलं." बटण एवढंच बोलायची नेहमी, एक वाक्य, तेही खाली बघून.

फिरत फिरत पाळी ताईंपर्यंत आली.

"मग एक दिवस गोगलगाय आजारी पडली," त्या म्हणाल्या, "आणि मेली."

त्यांनी शंख उचलून गोलाबाहेर ठेवला. मुलांनी काही हरकत घेतली नाही. बी एकटी घरी गेली, मुंग्यांनी तिला रस्ता दाखवला, खड्ड्यानं तिला जागा दिली आणि गोष्ट संपली. सगळ्यांनी ताईंच्या हातांकडे पाहिलं.

कुंपणाशी बाबांनी गज धरले होते.

ताईंचे हात मांडीवरच राहिले. "आज टाळ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आज गोगलगाय उठणार नाही."

अध्यक्ष उभा राहिला. "पण नियम आहे."

"आज बदलला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही विचारलं," ताई म्हणाल्या. "कधीकधी नाही उठत कुणी. आपण कितीही टाळ्या वाजवल्या तरी नाही उठत."

चौदा जणांत खळबळ उडाली. एकानं काडीचं इंजेक्शन तयार केलं. दोघांनी स्वतःच टाळ्या वाजवून पाहिल्या, तीन, मग सहा, मग मोजता येत होतं तिथपर्यंत. अध्यक्षानं शंखाला जवळून हुकूम दिला, "ऊठ!" शंख जागचा हलला नाही. खड्डा उदारपणे म्हणाला, की ती हवी तर माझ्यात राहू शकते. शंकेनं विचारलं, मग तिचं घर आता कुणाला मिळणार? आणि हे विचारता विचारताच तिचा ओठ थरथरायला लागला.

बटणनं मान वर केली.

"ती आत नाहीच आहे," ती म्हणाली. "मी मघाशीच बघितलं."

सगळे थांबले. शंख हातोहात फिरला. प्रत्येकानं एक डोळा मिटून आत पाहिलं आणि मान हलवत पुढच्याला दिला. अध्यक्षानं दोनदा पाहिलं. मग तो खाली बसला, न बोलता, जे आजवर कधी झालं नव्हतं.

"आता जिथलं तिथं ठेवून या," ताई म्हणाल्या. "आणि हात धुवा."

मुलं पांगली. बटण एका मुठीत शंख धरून आली. दुसऱ्या हातात बाटली होती.

"ताई, झाकण."

ताईंनी रुमाल काढला. झाकणाभोवती गुंडाळता गुंडाळता त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या, "बटण, तू रोज आईच्या ब्रशला पेस्ट लावतेस ना?"

बटणनं त्यांच्याकडे पाहिलं. मोठी माणसं कधीकधी अगदीच काहीतरी विचारतात, तेव्हा बघतात तसं.

"मला झाकण कुठं उघडतं?"

ताईंचा हात रुमालात तसाच राहिला.

"बाबा लावतात," बटण म्हणाली. "आधी माझ्या, मग त्यांच्या, मग आईच्या. मग ते आंघोळीला गेले, की मी आईचा धुवून ठेवते. नाहीतर पेस्ट वाळून घट्ट होते. एकदा झाली होती, तर बाबा नखानं काढत बसले. खूप वेळ."

"बाबांना माहितीये? तू धुतेस ते?"

"नाही." तिनं विचार केला. "ब्रश ओला दिसला, की ते शिट्टी वाजवतात. स्वयंपाकघरात. आईला आवडायचं तेच गाणं."

नळावर पाणी पडत होतं. कुणीतरी कुणाला तरी ढकललं आणि कुणीतरी ताईंचं नाव घेऊन तक्रार केली. ताई उठल्या नाहीत.

"ताई," बटणनं आवाज लहान केला, "मग उद्यापासून मी धुवू नको का?"

ताईंनी झाकणाला जोर दिला. ते उघडलं. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि तिच्या फ्रॉकचं आजही चुकलेलं वरचं बटण काढून वरच्या काजात घातलं. तिथून खाली एकेक करून सगळी सरळ करायला वेळ लागला.

बटण तेवढा वेळ उभी राहिली. मग पाण्याचे दोन घोट घेतले, बाटली गवतात ठेवली आणि कुंपणाकडे चालत गेली. बाबांनी अजून गज सोडले नव्हते.

"बाबा, हात."

त्यांनी गजातून तळहात आत घातला. काम करणाऱ्याचा हात, तेलानं रेषा काळ्या झालेला. बटणनं त्यावर शंख ठेवला.

"हिला उठवलं नाही आज," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"आता जिथून आणली तिथं ठेवायचं असतं. त्या झाडाच्या मुळाशी आहे जागा, सालीत. मी दाखवते. तुम्ही ठेवा."

बाबांनी बोटं मिटली, इतकी हलकी, की आत काही आहे की नाही ते कळू नये. फाटक दहा पावलांवर होतं आणि उघडंच होतं. ते फाटकाकडे बघत राहिले.

"ठेवतो," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

बटणनं मान डोलावली. मग कुंपणाला पाठ टेकून ती गवतात बसली, मांडी घालून, नीट, खूप वेळ बसायचं असल्यासारखी.